मार्थाबाईंच्या दारातला जगाचा शेवट

आमच्या कनेरगाव नाक्यावर जगाचा शेवट फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी मिळायचा, आणि तोही वाचून परत आणून द्यायच्या बोलीवर. बाकीचे दिवस नाक्यावर नेहमीचा माल: चहा, भजी, पंक्चर आणि हिंगोली-वाशीम रस्त्याची धूळ. धूळ अशी, की सकाळी माझ्या ढाब्यावर पांढरा सदरा घालून बसलेला माणूस दुपारी घरी गेला तर बायको त्याला कुणी पाहुणा समजून पाणी देते. पण मंगळवार उजाडला की त्याच धुळीत, ढाब्यामागच्या निळ्या दारापुढं, तीन-चार माणसं पुस्तकं छातीशी धरून उभी राहायची. चेहरे असे, की आत निकाल लागणार आहे. लागायचाच.

त्या दाराआड मार्थाबाई राहायच्या. निवृत्त नर्स. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी जन्मल्या जन्मल्या पायाला धरून उलटं टांगून रडवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना इंजेक्शन देऊन. त्यामुळं त्यांच्यापुढं मिशीला पीळ देऊन बोलायची कुणाची टाप नव्हती. अंगानं एवढ्याशा, पांढरं पातळ, छातीवर पिनेनं अडकवलेलं उलटं घड्याळ. आवाज इतका हळू, की त्या काय म्हणाल्या ते ऐकायला ट्रकवाले इंजिन बंद करायचे. मी हे वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर म्हणालो असतो, रस्त्यावरचे सगळे ट्रक.

बाईंनी कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातून एक पत्र्याची ट्रंक आणली होती. त्यात एका लांबलचक कादंबरीचे जाडजूड भाग. नाव ‘कर्णा वाजण्याआधी’. कव्हरावर छापलेलं, ‘पाच भागांत संपूर्ण’. बायबलच्या अखेरीला जगाच्या अंताचं जे सांगितलंय, त्यावर रचलेली गोष्ट. एका डोंगरी गावात एका सकाळी निम्मी माणसं नाहीशी होतात, भरल्या ताटावरून, चालत्या वाटेवरून. देवानं त्यांना वर उचलून घेतलेलं असतं. मागं उरलेल्यांवर एका गोडबोल्या कारभाऱ्याचं राज्य येतं. तो धान्य देतो, शांतता देतो, आणि बदल्यात उजव्या हातावर एक नंबर ठोकून घ्या म्हणतो. ज्यानं नंबर घेतला त्याचा आत्मा गेला, ज्यानं नाही घेतला त्याची भाकर गेली.

बाई स्वतः ख्रिस्ती, रविवारची प्रार्थना न चुकवणाऱ्या. पण पहिला भाग हातात देताना प्रत्येकाला बजावायच्या, “ही रचलेली गोष्ट आहे. घाबरायला हरकत नाही. पण जेवून घाबरा.”

तरी लोक उपाशीपोटीच घाबरायचे. पहिला भाग वाचलेला माणूस नाक्यावर लगेच ओळखू यायचा. ट्रकनं हॉर्न मारला की बाकीचे बाजूला सरकायचे आणि हा कर्णा वाजला समजून आभाळाकडं बघायचा.

पुस्तकाला वर्गणी नव्हती. अट एकच. भाग परत करताना त्यावर मत द्यायचं, तोंडी, उभं राहून आणि स्वतःचं. मत स्वतःचं आहे असं बाईंना वाटलं तर त्या म्हणायच्या, “बसा.” मग दवाखान्यातलं लोखंडी स्टूल पुढं यायचं, आतून चहा यायचा आणि पुढचा भाग हातात पडायचा. मत उसनं वाटलं तर म्हणायच्या, “पुन्हा वाचा.” याच्या अलीकडं-पलीकडं काही नाही. शाबासकी नाही, वाद नाही. आणि पुढच्या भागात काय होतं ते कुणी कुणाला सांगायचं नाही. एका मास्तरानं दुसऱ्याला कुणाचं तरी मरण आधीच सांगून टाकलं, तर बाईंनी वर्षभर त्या मास्तराचं नाव घेतलं नाही. “अहो, ते” म्हणायच्या. मास्तर खंगला.

“सिस्टर, तुमचं मत काय?” असं कुणी धीर करून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “माझं शेवटी.”

आमचा पंक्चरवाला रशीदभाई हा त्या स्टुलाचा पहिला मानकरी. त्यानं दार अडवून मत दिलं होतं, “सिस्टर, हिरो तीनशे पानं जीप पळवून राहिला. डोंगरातून, काचांवरून. माणसं आभाळात गेली, मानलं. कयामत आमच्याकडं बी हाय, त्याची तकरार न्हाई. पण तीनशे पानांत एक पंक्चर न्हाई? हे झूठ हाय.”

“बसा.”

कुरुंद्याचा एक हळदीचा दलाल म्हणाला, “समद्या जगात दुष्काळ पडला आन हळदीचा भाव कुठंच लिवला न्हाई.” त्याला “पुन्हा वाचा” झालं. गडी चिडला, नाक्यावर बडबडला, पण पंधरवड्यानं परत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सिस्टर, तो कारभारी दुष्ट हाय. पण येळेवर येतो, कुनाला ताटकळत ठेवत न्हाई. वाचता वाचता मला तोच आवडाया लागला. म्हनून भ्या वाटलं.” बाईंनी स्वतःच्या हातानं स्टूल पुसलं.

मी म्हणालो होतो, जगबुडीत जेवणाचं वर्णन फार कमी आहे. माझं स्टूल अजून यायचंय.

एकदा मात्र प्रकरण हातघाईवर येणार असं वाटलं. एका शुक्रवारी एकाच वेळी दोन माणसं तावातावानं निळ्या दाराशी आली. एक वाशीमकडचे प्रार्थना घेणारे ब्रदर, काखेत बायबल. दुसरे आमच्याच बाजूचे एक पुढारी, मागं चार दणकट कार्यकर्ते.

ब्रदर म्हणाले, “त्या दिवसाची खबर कुणालाच दिलेली नाही. मग या लेखकाला कशी लागली? तुम्ही वचनात भेसळ करताय, सिस्टर.”

पुढारी म्हणाले, “तुमी पुस्तकं देऊन लोकायला बाटवून राहिलात, असं कानावर आलं.”

माझ्या कढईतली भजी तळायची थांबली, तेल तापलेलं असताना. कार्यकर्त्यांतला एक जण बाह्या सरसावत होता. बाईंनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “तू पायाळू होतास. तुझ्या आईनं दोन रात्री काढल्या.” त्यानं बाह्या खाली घेतल्या.

मग दोघांना विचारलं, “वाचलंय?”

दोघांनीही वाचलेलं नव्हतं.

“मग हे मत कुठलं आणलं?”

आणि पहिला भाग त्यांच्यापुढं धरला. प्रत एकच. “आळीपाळीनं वाचा.” आता आली का पंचाईत! ब्रदरांचं वाचून झालं की पुढाऱ्याला पुस्तक आणायला ब्रदरांच्या घरी जावं लागलं, तिथं चहा घ्यावा लागला, आणि चहा घेताना कारभाऱ्यावर बोलावं लागलं. पुढल्या खेपेला दोघं एकाच मोटरसायकलवर आले. भांडत होते, पण कादंबरीवर.

अशा या बाई. मत म्हटलं की दगड. आणि या दगडावरच एक दिवस किसनचं घर आपटायला आलं होतं.

किसन मेंढ्या राखायचा, नाक्यापासून आत, ओढ्याच्या काठाला. सगळं गाव त्याला किसन्या म्हणायचं, एकट्या बाई किसनराव म्हणायच्या. एकेका मेंढीला त्यानं नाव दिलेलं. चंद्री, बारकी, मास्तरीण, न्हानी. रानात तो पुस्तक मोठ्यानं वाचायचा आणि मेंढ्या ऐकायच्या. दुसरा भाग संपेपर्यंत त्या इतक्या तयार झाल्या, की गोष्टीतलं सात डोक्यांचं ‘श्वापद’ आलं की चरायच्या थांबायच्या. संध्याकाळी तोच मजकूर तो घरी सुनेला वाचून दाखवायचा. सून सुमित्रा पोटुशी. मुलगा मारुती ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरात सासरा, सून आणि जगाचा शेवट.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर हन्ना नावाची तरणी बाई भरल्या पोटानं धान्याच्या रांगेत उभी असते. खिडकीपाशी पोचते. कारकून म्हणतो, घाबरू नका, नुसता कागदोपत्री नंबर आहे. शिक्का उचलतो. हन्ना उजवा हात पदराबाहेर काढते, आणि पान संपतं.

किसन हा भाग परत करायला आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. दारात उभा राहून म्हणाला, “जीपला पंक्चर व्हत न्हाई, हे काय पटत न्हाई.”

उभे असलेले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. “हे रशीदभाईंचं आहे. तुम्ही कधी जीपमध्ये बसलात, किसनराव? पुन्हा वाचा.”

तो पुस्तक घेऊन गेला, आणि कित्येक आठवडे दिसला नाही.

मग एका बुधवारी, भर दुपारी, तो निळ्या दाराशी येऊन उभा राहिला. मेंढ्या नाहीत, काठी नाही. मी ढाब्याच्या मागच्या बाजूला कांदे पसरत होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

“चौथा भाग द्या, सिस्टर.”

“आज बुधवार.”

“व्हय.”

“बरं. मत?”

किसननं पायानं धूळ उकरली. “न्हाई जमून राहिलं.”

“मग पुन्हा वाचा.”

त्यानं त्या स्टुलाकडं एकदा बघितलं. मग वळला आणि भराभरा चालायला लागला. म्हातारा माणूस एवढा भराभरा चालतो तेव्हा काहीतरी जळत असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी कांदे पसरत राहिलो.

अर्ध्या तासानं रशीदभाई हवा भरायचा पाईप टाकून बाईंच्या दारात आला. “सिस्टर, किसन्या येऊन गेला का? त्याच्या सुनंचं कळलं न्हाई तुमाला? नववा महिना, पाय हे एवढे सुजलेत. सरकारी दवाखान्याची आशाताई रोज सांगून राहिली, हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात चल. पोरगी जाईना.”

“का?”

“आशाताईनं तिला धीर द्याया सांगितलं, तिथं लेकराची अदलाबदल व्हत न्हाई, आईच्या आन लेकराच्या हाताला नंबरची पट्टी बांधतात म्हनून. तवापासून पोरगीनं हात पदराखाली घेतला, तो बाहेरच काढंना.”

बाईंच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. इतक्या जपून, की आवाज झाला नाही, आणि तो न झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

“गाडी काढा, रशीदभाई.”

आत जाऊन त्यांनी आपली जुनी पिशवी घेतली. मग ट्रंक उघडली आणि चौथा भागही घेतला. मी न विचारता पिकअपच्या मागच्या हौद्यात चढलो.

किसनचं घर म्हणजे पत्र्याच्या चार भिंती, पुढं बाभळीची सावली आणि कडेला मेंढ्यांचा कळप. सावलीत बाजेवर सुमित्रा बसलेली. चेहरा फुगलेला, डोळे बारीक झालेले, उजवा हात पदरात घट्ट. किसन तिच्यापुढं उकिडवा. बाईंनी काही न बोलता तिच्या डाव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि पारा चढवला.

“डोकं दुखतंय?”

“फुटून राहिलं, सिस्टर.”

“डोळ्यांपुढं?”

“काजवे. उन्हात बी काजवे दिसून राहिले.”

पारा किती चढला ते बाईंनी सांगितलं नाही. पट्टा सोडला आणि छातीवरचं घड्याळ वर करून बघितलं. ते घड्याळ त्या आयुष्यभर बघत आल्या होत्या. घाबरून बघताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

“आत्ताच्या आत्ता निघायचं. उशीर झाला तर तुला झटके येतील. तू जाशील, बाळही जाईल.”

“मी गेले तर गेले,” सुमित्रा म्हणाली. “पन लेकराला जल्मल्या जल्मल्या नंबर लागला, तर ते कुठं जाईल?”

“अगं, कागदाची पट्टी असते ती. घरी सोडताना कात्रीनं कापून टाकतात. मी माझ्या हातानं शेकडो बांधल्यात.”

“कारभाऱ्याचा मानूस बी असंच म्हनला व्हता. कागदोपत्रीच हाय म्हनून.”

बाईंनीच दिलेल्या पुस्तकानं बाईंचं तोंड बंद केलं होतं.

किसन रडकुंडीला आला. “मी पाया पडलो हिच्या, सिस्टर. म्हनलं, चल पोरी. तर म्हनती, मामा, तुमीच वाचून दाखवलं. आता काय बोलू? म्हनून आलतो तुमच्याकडं. हन्नाचं म्होरं काय झालं तेवढं कळलं असतं, तर हिला सांगता आलं असतं.”

“मग तसं बोलला का नाहीत?”

“तुमी मत इचारलं. हे मत न्हवतं, सिस्टर. हे काम व्हतं.”

बाईंनी पिशवीतून चौथा भाग काढला आणि त्याच्यापुढं धरला. “घ्या. मत नको.”

आणि किसन दोन पावलं मागं सरकला. “न्हाई. मत दिल्याबिगर कसा घेऊ?”

“अरे किसन्या!” रशीदभाई ओरडला. “सुनंकडं बघ, बाबा! घे आन वाच!”

“मत दिल्याबिगर कुनीच घेतला न्हाई. मी कसा घेऊ?”

बाईंनीच घडवलेला माणूस तो. त्यांचाच नियम त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता.

तेवढ्यात सुमित्रानं विचारलं, “सिस्टर, तुमीच सांगा. हन्नानं हात दिला का न्हाई दिला?”

पुढचं सांगणाऱ्याचं नाव वर्षभर न घेणारी ती बाई. मी मनातल्या मनात ओरडत होतो, खोटं बोला, बाई! न्हाई दिला म्हणा, दिला पण देवानं माफ केलं म्हणा! त्यांच्या जागी मी असतो तर तिथल्या तिथं सहावा भागसुद्धा रचून दिला असता.

“सांगते,” बाई म्हणाल्या. “चौथ्या भागात हन्ना जिवंत आहे. मूलही जिवंत आहे. पण सगळ्या भागभर ती लांब बाहीचं झंपर घालते. लेखकानं बाही वर केलीच नाही. हात दिला की नाही, मला माहीत नाही.”

रशीदभाईनं कपाळावर हात मारून घेतला. सुमित्राचा हात पदरात आणखी आत गेला.

आणि मग किसन उठला. डोक्यावरची टोपी काढली, निळ्या दारापुढं उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. “मत देतो.”

“आत्ता?” रशीदभाई म्हणाला.

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. त्यांची बोटं सुमित्राच्या नाडीवर आणि डोळे किसनच्या तोंडावर.

“मला श्वापदाचं भ्या न्हाई वाटलं, सिस्टर. लांडगे लई बघितले. कारभाऱ्याचं बी न्हाई. मला भ्या वाटलं त्या रांगेचं. हन्नाच्या म्होरं एवढी मानसं, आन एकाचं बी नाव लिवलेलं न्हाई. पयल्या भागात त्यायला नावं व्हती. तो कुंभार, त्याची बहीन, ती आंधळी म्हातारी. नंबर लागले आन लेखकानं बी त्यायची नावं टाकून दिली. म्हनून म्हनतो, पाप नंबराचं न्हाई. पाप नाव पुसायचं हाय. माझ्या मेंढ्यायच्या कानात बी बिल्ले हायत, नंबराचे. लसीच्या टायमाला ठोकले. पन मी हाक नावानंच मारतो. कानात बिल्ला आला म्हनून चंद्री काय चंद्री राहिली न्हाई का?”

आपण काय बोललो ते त्याला त्याच क्षणी ऐकू आलं. त्यानं सुनेकडं बघितलं. सून मेंढ्यांकडं बघत होती.

बाईंनी पिशवीतून चिकटपट्टी काढली, एक लांब तुकडा फाडला, मांडीवर ठेवला आणि बॉलपेननं ठळक अक्षरांत लिहिलं: सुमित्रा.

“हात.”

पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

“आधी नाव लावू,” बाई म्हणाल्या. “तिथं जे काय लागेल ते याच्या खाली लागेल. मी शेजारी उभी राहीन, हे कुणाला काढू देणार नाही.”

“आन लेकराला?”

“त्याला तुझं नाव.”

पदर हलला. आधी बोटं दिसली, सुजलेली, मग मनगट. बाईंनी पट्टी गुंडाळली आणि अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली.

किसन टोपी हातात धरून तसाच उभा. ‘बसा’ ऐकायला, हे उघड होतं. बाई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “उचला.”

आम्ही तिघांनी बाजेसकट तिला हौद्यात चढवलं. रशीदभाईनं पिकअप अशी हाणली की खड्डे घाबरून बाजूला होत होते. मी मागं बाज धरून, किसन तिचं डोकं धरून, आणि बाई पुढं बसायचं सोडून मागंच, गुडघे रोवून, बोटं नाडीवर. वाटेत एकदा सुमित्राचे डोळे पांढरे व्हायला लागले तेव्हा बाई तिच्या कानाशी वाकून एकच शब्द सारखा म्हणत राहिल्या. प्रार्थना असावी असं मला वाटलं. नीट ऐकलं तर त्या तिचं नाव घेत होत्या.

दवाखान्यात बाई जुन्या ओळखीनं आत गेल्या. बाहेर बाकडी होती. किसन बसला नाही. “बस की रे,” रशीदभाई म्हणाला. त्यानं मान हलवली. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी तो उभा होता.

शेवटी बाई बाहेर आल्या. पातळावर चुण्या, घड्याळ वाकडं झालेलं. “मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.”

“नंबर?” किसननं विचारलं.

“खाली. नाव वर आहे.”

मग मात्र तो भिंतीला धरून रडला. आणि रशीदभाई हळहळला, कारण एवढ्या रस्त्यानं, एवढ्या वेगानं, एकही पंक्चर झालं नव्हतं. आपलं मत आता मागं घ्यावं लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

पुढल्या मंगळवारी निळं दार उघडलं. पहिल्या माणसानं घसा खाकरला तर बाईंनी विचारलं, “थांबा. मत आहे, की काम आहे?” तेव्हापासून हे नेहमीचंच झालं. आणि गंमत बघा, कामं फार निघायला लागली. कुणाच्या आईचा खोकला, कुणाची पोरगी शाळेत जाईना. पुस्तक काखेत तसंच राहायचं.

किसन बारशाचे पेढे घेऊन आला. चौथा भाग त्याला मिळाला, पण स्टूल नाही मिळालं.

“सिस्टर, त्या दिशी तुमी बसा म्हनल्या न्हाई.”

“मत तुमचंच होतं, किसनराव. पण अर्धं होतं. हन्नाच्या हाताचं राहिलं.”

चौथा भाग संपवून पाचवा मागायला येणारा तो पहिलाच. तेव्हा बाईंनी ट्रंकेचं झाकण उघडून दाखवलं. तळाला गंजाचे डाग होते, बाकी काही नव्हतं. पाचवा भाग त्यांना कधी मिळालाच नव्हता. छापला गेला की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

“मग ‘माझं शेवटी’ म्हनत व्हत्या ते?”

“शेवट मीच वाचला नाही, तर मत कुठून देऊ? म्हणून तर तुम्हा सगळ्यांना विचारत होते.”

बाईंचे गुडघे त्या बाजेपाशी रोवले ते नीट उठलेच नाहीत. यंदा उन्हाळ्याआधी भाची येऊन त्यांना नाशिककडं घेऊन गेली. ट्रंक सुमित्राच्या घरी पोचती झाली, स्टुलासकट. जायच्या दुपारी सगळा नाका एसटीपाशी गोळा झाला होता. ब्रदर होते, पुढारी होते, रशीदभाईनं बसच्या चाकांची हवा स्वतः तपासली होती. फक्त किसन नव्हता. बाई खिडकीशी बसून रस्त्याकडं बघत होत्या. कंडक्टरनं घंटी मारली.

आणि बस हलली नाही. समोर मेंढ्या होत्या. रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हजार तरी असतील. किसनकडं साठ होत्या, पण त्या दिवशी हजार होत्या. ड्रायव्हरनं जोरात हॉर्न मारला, तशी एकूण एक मेंढी मान वर करून आभाळाकडं बघायला लागली.

मेंढ्यांतून वाट काढत किसन खिडकीपाशी पोचला. धापा टाकत होता. टोपी काढली.

“मत देतो, सिस्टर. पाचव्या भागावर.”

“पाचवा भाग नाही, किसनराव.”

“हाय. मला दिसला.” तो ताठ उभा राहिला. “समदं मिटल्यावर हन्ना नदीवर जाती आन बाही वर करती. हातावर नंबर हाय. दिला तिनं हात, लेकरासाठी दिला. पन नंबराच्या वर गोंदलेलं हाय. आईनं लहानपनी गोंदवलेलं, तिचं नाव. नंबर शाईचा, झिजून चाललाय. गोंदन तसंच हाय.”

कंडक्टरचा हात दोरीवर तसाच राहिला.

बाई खिडकीच्या गजांतून अगदी हळू म्हणाल्या, “बसा, किसनराव.”

आणि किसन बसला. तिथंच, भर रस्त्यात, धुळीत, मांडी घालून, चंद्रीच्या आणि बारकीच्या मधे. बाईंनी वाटेसाठी घेतलेला थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्यापुढं धरला. मागं ट्रकची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडायला लागला, “अरे बाबा, ऊठ! ए, कुणीतरी उठवा त्याला!”

पण नाक्यावरचं कुणी पुढं झालं नाही. बाईंनी बसा म्हटलं होतं, आणि त्याचा चहा अजून संपायचा होता.